अण्णांची पोपगिरी

आमचे अण्णा एकाच वर्षात दोनदा पोप झाले. एकदा चर्चच्या सणाला, नाटकात, आणि त्याआधी गावच्या पाणी वापर संस्थेत. नाटकातली पोपगिरी एका संध्याकाळची होती. संस्थेतली मात्र काही केल्या संपेना आणि तिनंच आमच्या नाकी नऊ आणले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव प्रवरेच्या काठावर, कोल्हारच्या थोडं अलीकडे. आम्ही ख्रिस्ती. गावात ख्रिस्ती घरं एका बाजूला, बाकी बहुतेक मराठा-माळी शेतकऱ्यांचं, आणि सणवार, भांडणं, पाणी हे सगळ्यांचं मिळून. अण्णांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. ते ज्या गाडीवर असत ती कधीच वेळेवर पोहोचली नाही. रस्त्यात कुणी हात केला की ते घंटी वाजवायचे. कुणी नुसतं डोकं खाजवायला हात वर केला तरी वाजवायचे. त्यांच्याबरोबर ड्युटी नको म्हणून ड्रायव्हर लोक साहेबांना गळ घालत, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

अण्णांना नाही म्हणता येत नाही. हा त्यांचा स्वभाव नव्हे, ही त्यांची शरीररचना आहे. 'न्हाई' असं उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. कुणी काही मागितलं की त्यांची मान आपोआप हलायची आणि घशातून 'हूं' असा आवाज यायचा, आणि समोरचा माणूस तो होकार खिशात घालून निघून जायचा. आई होती तोवर घरातले सगळे नकार ती द्यायची, अण्णांच्या वाट्याचेसुद्धा. आई गेली आणि घराचं दारच कुणी काढून नेल्यासारखं झालं. मी श्रीरामपुरात, हायस्कुलात इतिहास शिकवते, नवरा-मुलं तिथंच. दर रविवारी गावी जायचे तेव्हा घरातली काहीतरी वस्तू कुणीतरी नेलेली असायची. एकदा तर शेजारी आमच्याच पंख्याचं वारं खात बसले होते.

आता पाण्याचं सांगते. पाटाचं पाणी आमच्या चारीला, म्हणजे पाटाच्या फाट्याला सुटलं की ते कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ जाणार, हे ठरवणारी शेतकऱ्यांची संस्था म्हणजे पाणी वापर संस्था. चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं आहेत ते 'वरचे', शेवटाला ज्यांची आहेत ते 'टेलचे'. वरच्यांना वाटतं टेलचे चोर आहेत, टेलच्यांना वाटतं वरचे दरोडेखोर आहेत, आणि मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. वरच्यांचे पुढारी गॉगल घालतात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. टेलच्यांचे पुढारी टोपी घालतात आणि ती नदीत पोहतानाही काढत नाहीत असं म्हणतात. चेअरमन वरचा की टेलचा, यावर त्यांचं इतकं ताणलं की दोन रब्बी हंगाम खुर्ची रिकामी राहिली. पाणी यायचं आणि ज्याच्या हातात फावडं भक्कम त्याच्या रानात जायचं.

शेवटी एकदाची सभा झाली. अण्णांकडे माझ्या आईकडून आलेली एवढीशी जमीन होती म्हणून ते सभासद होते. पण त्या दिवशी ते गेले होते खुर्च्यांसाठी. खुर्च्या चर्चच्या होत्या, सभा संपली की परत आणायच्या होत्या. भांडण रंगात आलं आणि मागून कुणीतरी टारगट ओरडला, "कंडक्टरला करा!" लोक हसले. मग हसणं थांबलं. गॉगलवाल्यांच्या मनात आलं असणार, हा आपल्याला नाही म्हणणार नाही. टोपीवाल्यांच्याही मनात नेमकं तेच आलं असणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

आमच्या पट्ट्यात सहकार पाण्याइतका जुना आहे. साखर कारखाना, सोसायटी, डेअरी, पतसंस्था, सगळीकडे वार्षिक सभा. ठरावाचं पहिलं वाक्य कानावर पडलं की 'मंजूर' म्हणायचं, हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर मंजूर, चहा. त्या दिवशीही तसंच झालं. अण्णांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. चहा संपला तेव्हा ते खुर्च्या एकात एक घालत होते आणि चेअरमन झालेले होते.

पहिल्या आवर्तनालाच, म्हणजे पाटाला पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हाच, त्यांनी मंगळवारची पाळी तीन जणांना दिली. तिघं वेगवेगळ्या वेळी घरी आले, तिघांनी मागितली, तिघांना 'हूं' मिळालं. मंगळवारी तिघं चारीच्या एकाच दारावर फावडी घेऊन उभे राहिले आणि अण्णा मधे चिखलात उभे राहून एकेकाची माफी मागत होते. पुढच्या आवर्तनाला तिघांचे पाच झाले. सकाळी उठायच्या आत ओट्यावर माणसं बसलेली असायची. जेवताना फोन, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना फोन. एकदा ते फादरांकडे पापकबुली द्यायला गुडघे टेकून बसले तर मागून एकानं वाकून विचारलं, "चेअरमन, गुरुवारचं काय झालं?"

अण्णांनी राजीनामा दिला नाही असं नाही. दोनदा दिला. दोन्ही वेळा तासाभरात गॉगलवाले आणि टोपीवाले घरी हजर. शाल, श्रीफळ, हार. "तुमी न्हाई तर कोन?" "गाव पोरकं व्हईल चेअरमन." गळ्यात हार पडला की अण्णांची मान हलायची, घशातून आवाज यायचा, आणि राजीनामा परत. कपाटात शालींची थप्पी लागली. मला तर हसू यायचं. मला चुकीच्या जागी हसू येतं, हा माझा जुना रोग आहे. पण अण्णा वाळत चालले होते. ते घरातून पळायला लागले. एसटीच्या पासावर जामखेडच्या गाडीत बसायचे, जामखेडला उतरून चहा प्यायचे आणि परतीच्या गाडीनं यायचे. कशाला जाता म्हटलं तर म्हणाले, "तिकडं पाट न्हाई. कोनी पानी मागत न्हाई."

एका रविवारी मी भाकरी थापत होते आणि ते चुलीजवळ येऊन बसले. म्हणाले, "पोरी, मला यातनं सोडव. मी मरंन ह्याच्यात." तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. भाकरी तव्यावर जळली तरी मी बघत राहिले. हा माणूस आयुष्यभर सगळ्यांसाठी थांबला आणि आता स्वतः उतरायला बघतोय तर कुणी गाडी थांबवेना. मला गॉगलाचा राग आला, टोपीचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या 'हूं'चा सगळ्यात जास्त आला.

त्याच सुमारास आमच्या तरुण फादरांनी मला गाठलं. जानेवारीत चर्चचा सण असतो, त्या संध्याकाळी नाटक बसवायचं असतं. दरवर्षी येशूजन्माचे तेच मेंढपाळ आणि तेच तीन राजे, एका राजाची दाढी दरवर्षी त्याच प्रवेशात गळते. फादर म्हणाले, तुम्ही इतिहासाच्या बाई, काहीतरी नवीन लिहा. मी म्हटलं, एक पोप आहे माझ्याकडे.

सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इटलीत एक पोप वारले आणि नवा निवडायला कार्डिनल, म्हणजे चर्चचे सगळ्यात वरचे धर्मगुरू, जमले. त्यांच्यात दोन बड्या घराण्यांचे दोन गट. दोन वर्षांहून जास्त काळ ते भांडत राहिले आणि खुर्ची रिकामी. शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या तपस्व्याचं नाव घेतलं. वय ऐंशीच्या आसपास, डोंगरातल्या गुहेत राहणारा, उपास करणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात. दोन्ही गट म्हणाले, चालेल. मोठमोठी माणसं धापा टाकत डोंगर चढून गेली आणि त्याच्या पाया पडली. म्हातारा पळायला बघत होता म्हणतात, पण पळून पळून जाणार कुठे. त्याला गाढवावर बसवून आणलं, आणि त्या गाढवाचा लगाम धरून दोन खरेखुरे राजे पायी चालत होते.

आणि मग त्याचा कारभार! जो मागेल त्याला देऊन टाकायचा. एकच जागा दोघातिघांना द्यायचा. कोऱ्या कागदांवर शिक्के मारून दिले, लोकांनी वर काय हवं ते लिहून घेतलं. राजवाड्यात त्याचा जीव रमेना म्हणून आतल्या दालनातच लाकडी फळ्यांची एक खोपटी करून घेतली आणि तिच्यात जाऊन बसायचा. पाच महिन्यांत तो टेकीला आला. पण पोपनं पद सोडायचं कसं? तेव्हा त्यानं आधी नियम जाहीर केला की पोपला पद सोडता येतं, आणि मग सगळ्यांच्या समोर मुकुट-अंगठी उतरवली, आपला जुना जाडाभरडा झगा घातला आणि मोकळा झाला.

मी हे सगळं चर्चच्या पाळकखोलीत तालमीच्या पहिल्या दिवशी सांगितलं. सांगून झाल्यावर खोलीतली सगळी माणसं हळूहळू वळून अण्णांकडे बघायला लागली. ते कोपऱ्यात सतरंजी झटकत होते. पोप कोण करणार हे कुणी ठरवलंच नाही. अण्णांची मान हलली, घशातून आवाज आला.

खरी मजा कार्डिनलांची. सणाला वर्गणी सगळं गाव देतं, त्यामुळे काम मागायचा हक्कही सगळ्या गावाला. गॉगलवाले म्हणाले, आम्हालाही घ्या. त्यांना घेतलं म्हणून टोपीवाले रुसले, म्हणून त्यांनाही घेतलं. असे आमचे दोन मुख्य कार्डिनल झाले, दोघंही वारकरी घरातले, गळ्यात माळ. मांडववाल्याच्या लाल सॅटीनचे झगे शिवले. एक कार्डिनल गॉगल उतरवेना, दुसरा लाल टोपीच्या आतली पांढरी टोपी काढेना. भांडणाचा प्रवेश मी दोन पानं लिहिला होता. त्यांनी पहिल्याच तालमीत तो अर्धा तास केला, माझं एकही वाक्य न वापरता. त्यात चारीचं दार फोडल्याचा विषय आला, एकाच्या मेव्हण्याचा विषय आला. फादर केरळकडचे, त्यांना वाटलं हे सगळं नाटकातच आहे. माझा हात धरून म्हणाले, बाई, किती जिवंत लिहिलंय.

अण्णा मात्र तालमीत गप्प असायचे. वाक्यं पाठ, उभं राहणं छान, पण बाकी वेळ कोपऱ्यात. एकदा परत येताना मला त्यांनी विचारलं, "त्यानं राजीनामा दिला तवा मानसं शाल घिऊन आली न्हाईत?" मी म्हटलं, "आली असतीलही. पण त्यानं घरात दिला नव्हता ना, सगळ्या दरबारात दिला." अण्णा मग म्हणाले, "घरात दिला का घरातच ऱ्हातो." मला वाटलं नाटकाबद्दल बोलतायत.

सणाच्या दिवशी सकाळी मिस्सा, दुपारी जेवणं, आणि संध्याकाळी पटांगण गच्च. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळे. वरचे उजवीकडे, टेलचे डावीकडे, आपोआप. पहिल्या रांगेत माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, सणासाठी पाहुणी आलेली. तिला नाटकाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, ही आमची चूक.

भांडणाचा प्रवेश तुफान झाला. वरच्यांनी आपल्या कार्डिनलला शिट्ट्या मारल्या, टेलच्यांनी आपल्या. मग बँडच्या तालावर पोपची मिरवणूक निघाली. वीटभट्टीवाल्याचं गाढव, त्याला शालींची झूल. शाली भरपूर होत्याच. दोन बाजूंना पत्र्याचे मुकुट घातलेले दोन राजे, आणि वर आमचे अण्णा, पांढरा झगा, डोक्यावर थर्माकोलचा तीनमजली मुकुट.

आत्या उभी राहिली. आमच्याकडे माणसाला गाढवावर कधी बसवतात ते तिला माहीत होतं. तिनं एक किंकाळी फोडली, "अगं बया बया! काय केलं हुतं माझ्या भावानं? धिंड काढली भाड्यांनी!" आणि ती पदर खोचून थेट स्टेजवर चढली. तिनं एका राजाच्या कानाखाली वाजवली. त्याचा मुकुट गडगडत ढोलवाल्यापर्यंत गेला. गाढव गोल फिरायला लागलं आणि त्याच्यावर अण्णा मुकुट सावरत ओरडत होते, "अक्का, बस खाली! अक्का, मी पोप हाय!" पटांगण हसून लोळत होतं. मी विंगेत खांबाला धरून उभी होते, माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून आवाज नाही अशी अवस्था. आत्याला कसंबसं समजावून खाली बसवलं, तरी ती शेवटपर्यंत त्या राजाकडे डोळे वटारून होती.

त्यानंतर नाटक काही केलं तरी चाललंच असतं. लोक इतके खूश होते की पोप शिंकला तरी टाळ्या पडत होत्या. फळ्यांच्या खोपटीत अण्णा जाऊन बसले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "जामखेडला गेलं!" आणि पुन्हा हशा.

मग शेवटचा प्रवेश. मी लिहिलं होतं असं: पोप नियम वाचतो, पद सोडतो, कार्डिनल मुकाट मान खाली घालतात, पोप मुकुट ठेवून गोणपाटाचा झगा पांघरतो आणि विंगेतून डोंगराकडे जातो. अण्णांनी नियम वाचला, नीट वाचला. मग माईकसमोर येऊन उभे राहिले आणि थांबले. मला वाटलं विसरले. मी विंगेतून पुढचं वाक्य कुजबुजले. त्यांनी माझ्याकडे न बघता हात मागे करून मला गप्प केलं.

"मंडळी," अण्णा म्हणाले, "ह्यो पोप म्हातारा झालाय. समद्यांला सगळं देता येत न्हाई, आन् ह्याला तर तसं सांगताबी येत न्हाई. त्याच्यापायी तुमच्या भांडणाला हाच कारन झाला. म्हनून मी, समद्या सभासदांच्या समोर, पोपपदाचा आन् आपल्या पाणी वापर संस्थेच्या चेअरमनपदाचा राजीनामा देतो. सूचक?"

बस. एवढंच. 'सूचक' हा शब्द माईकवरून पटांगणात गेला आणि पुढचं सगळं सवयीनं झालं. गॉगलवाल्या कार्डिनलांचा हात वर गेला, "मी!" सूचक वरचा झाला म्हटल्यावर टेलच्यांनी मागे कसं राहायचं? टोपीवाले कार्डिनल पुढे सरसावले, "अनुमोदन माझं!" आणि उजवीकडून, डावीकडून, भिंतीवर बसलेल्या माणसांकडून एकच गजर उठला, "मंजूर! मंजूर!" टाळ्या इतक्या पडल्या की बँडवाल्यांना वाटलं संपलं, त्यांनी वाजवायलाही सुरुवात केली.

टाळ्या विरत गेल्या तशी एकेकाच्या लक्षात यायला लागलं. आधी पुढच्या रांगेत बसलेल्या संस्थेच्या सेक्रेटरीचे हात टाळीच्या मधेच थांबले. मग टोपीवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. गॉगलवाल्यांनी गॉगल काढला. गावानं त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले, आणि ते चांगले गोल झालेले होते. अण्णांनी मुकुट खुर्चीवर ठेवला, गोणपाट पांघरलं, आणि विंगेत न येता स्टेजच्या पुढच्या पायऱ्या उतरून लोकांमधून सरळ घरी गेले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मी नाचत होते. खरंच नाचत होते, विंगेत, फादरांचा हात धरून, आणि त्यांना अजून काय झालं ते कळलं नव्हतं.

सकाळी दोघं पुढारी शाली घेऊन आलेच. मी दारातून बघत होते. आता हार पडणार, आता मान हलणार. पण अण्णांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "सूचक तुमी. अनुमोदक तुमी. समद्या सभासदांनी मंजूर केलं. आता ते मोडनारा मी कोन?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ठराव मोडायचा तर आधी आपण तो मांडला हेच चुकीचं होतं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते दुसऱ्यासमोर म्हणण्यापेक्षा दोघांनी विष खाल्लं असतं. चहा पिऊन ते गेले. शाली ठेवून गेले.

माझ्या आनंदाला पारावार नव्हता. आठवडाभर मी शाळेत ज्याला त्याला गोष्ट सांगत होते. आणि त्याच आनंदात मी कामाला लागले. श्रीरामपुरातल्या माझ्या घरातली मागची खोली रिकामी केली, रंग दिला, आत संडास-बाथरूम होतंच, त्याला धरायला दांडा बसवून घेतला. नवी गादी, भिंतीवर येशूचा फोटो, छोटा टीव्ही. गावात राहिले तर लोक पुन्हा येणार, ओट्यावर बसणार, चेअरमन नाही तर नाही, पण जरा सांगा ना म्हणणार. इथे गेटला कुलूप असतं. फोन मी घेईन. नको त्या माणसाला मी परस्पर कटवीन, आई कटवायची तशी. मी अण्णांना सांगितलं, आता तुम्ही माझ्याकडे राहायचं, काही म्हणजे काही करायचं नाही. अण्णांनी 'हूं' म्हटलं. एका रविवारी मी त्यांना गाडीत घालून श्रीरामपूरला आणलं आणि खोली दाखवली.

ते गादीवर टेकले. पंखा बघितला, खिडकीचे गज बघितले, दांडा धरून बघितला. मी दारात कौतुकाची वाट बघत उभी. मग त्यांनी विचारलं, "तुज्या त्या पोपाचं पुढं काय झालं?"

मी नाटक डोंगराशी संपवलं होतं. सणाच्या दिवशी लोकांना घरी पाठवताना बरं वाटेल असं काहीतरी हवं असतं. पण अण्णांनी सरळ विचारलं होतं आणि मी इतिहासाची बाई. मी सांगितलं. तो डोंगरावर राहू शकला नाही. नवा पोप आला, त्याला भीती वाटली की लोक अजून म्हाताऱ्याकडेच जातील, गोंधळ होईल. म्हणून त्यानं माणसं पाठवली. म्हातारा रानावनातून पळाला, समुद्रापर्यंत पोहोचला, पण सापडला. नव्या पोपनं त्याला आपल्या एका किल्ल्यात ठेवलं. छोटीशी खोली, बाहेर पहारा, कुणाला भेटू द्यायचं नाही. तिथंच तो वारला.

"म्हंजी मानसं याया नकू म्हनून," अण्णा म्हणाले.

"हो."

त्यांनी वळून बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. "त्याला आतच व्हता का संडास?"

मला हसू फुटलं. मोठ्यानं हसले. आणि हसता हसता मला ती खोली दिसली. ताजा रंग, दांडा, गज, बाहेरचं गेट, आणि गेटशी उभी असलेली मी. माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

"न्हाई पोरी," अण्णा म्हणाले. "मी हितं न्हाई ऱ्हानार."

म्हणून झाल्यावर ते स्वतःच घाबरले. दोन्ही हातांनी गादीची कड धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आता ही काय काय बोलणार म्हणून. आणि माझ्याकडे खूप होतं बोलायला. एकटे कसे राहाल, पडलात तर, लोक काय म्हणतील, मी एवढा रंग दिला. सगळं जिभेवर तयार होतं, आणि फार दुखलं होतं मला. सत्तर वर्षांत या माणसानं एक नकार दिला आणि तो मलाच दिला. त्याच वेळी आतून इतकं मस्त वाटत होतं की त्यांना उचलून गोल फिरवावं. दोन्ही एकदम होत होतं, काय करावं कळत नव्हतं.

मी तोंड मिटलं. मग विचारलं, "जेवून तरी जाल का?"

आजवर अण्णांना काही विचारणं म्हणजे नुसतं कळवणं असायचं. आता मात्र मी उभी राहिले, ते काय म्हणतात त्याची वाट बघत. ते विचार करत होते. खरोखर विचार करत होते.

"काय केलंय?" त्यांनी विचारलं.

"वांग्याचं भरीत."

"मंग जेवतो," अण्णा म्हणाले.